मूळ अर्धवट राहिलेल्या दाताचा रूट कॅनॉल

शाळेच्या मधल्या सुट्टीत धावताना आठ वर्षांचे मूल पडते. ओठ सुजतो, वरच्या पुढच्या दाताचा कोपरा तुटतो, थोडे रक्त येते. घरी बर्फ लावला जातो, दोन दिवसांत सूज उतरते आणि घटना विस्मरणात जाते. पाच-सहा महिन्यांनी आईच्या लक्षात येते, की तोच दात शेजारच्या दातापेक्षा काळपट दिसतो आहे. वर हिरडीवर एक बारीक पुळी आली आहे. ती फुटते, सुकते आणि पुन्हा भरते. मूल दुखत असल्याची तक्रार करीत नाही. दंतवैद्याकडे क्ष-किरण चित्र काढले जाते तेव्हा दाताचे मूळ निमुळते होत गेलेले दिसत नाही. ते तुतारीच्या तोंडासारखे टोकाशी उघडे असते आणि त्याभोवतीच्या हाडात काळी छाया पसरलेली असते.

‘मग रूट कॅनॉल करून टाका,’ ही पालकांची प्रतिक्रिया स्वाभाविक असते. तथापि, प्रौढ माणसाच्या दातावर केला जाणारा रूट कॅनॉल उपचार या दातावर करता येत नाही. दात काढून टाकणे हाही सोपा मार्ग नाही. कृत्रिम दात हाडात रोवण्याची इम्प्लांट पद्धत जबड्याची वाढ पुरी होईपर्यंत, म्हणजे साधारण अठरा-वीस वर्षे वयापर्यंत वापरता येत नाही. आणि दात गेलेल्या जागेचे हाड तोवर झिजत राहते. आठव्या वर्षी गमावलेल्या पुढच्या दाताची किंमत अशी दहा-बारा वर्षे मोजावी लागते. म्हणूनच हा दात, आहे त्या स्थितीत, तोंडात टिकवणे हा बालदंतवैद्यकातील एक अवघड प्रश्न मानला जातो. गेल्या दोन दशकांत त्याला एक निराळे उत्तर पुढे आले. त्याला ‘रिजनरेटिव्ह एंडोडॉन्टिक्स’ अर्थात पुनर्जनक रूट कॅनॉल उपचार असे नाव आहे.

दात उगवतो, मूळ मागाहून पुरे होते

दात हिरडीतून वर आला म्हणजे तो तयार झाला, असा सर्वसाधारण समज आहे. वस्तुतः कायमचा दात तोंडात दिसू लागतो तेव्हा त्याच्या मुळाची सुमारे दोन-तृतीयांश लांबीच तयार झालेली असते. उरलेली लांबी भरून टोक मिटण्यास आणखी साधारण तीन वर्षे लागतात. वरचे मधले पटाशीचे दात सातव्या-आठव्या वर्षी येतात आणि त्यांची मुळे दहाव्या वर्षाच्या सुमारास पुरी होतात. सहाव्या वर्षी येणाऱ्या पहिल्या कायमच्या दाढेचे मूळ नवव्या-दहाव्या वर्षी पुरे होते. खालची दुसरी उपदाढ अकराव्या-बाराव्या वर्षी येते; तिला तेरावे-चौदावे वर्ष उजाडते.

हे बांधकाम करणारा कारागीर म्हणजे दाताच्या पोटातील पल्प हा मऊ गाभा. बोलीभाषेत त्याला ‘नस’ म्हणतात आणि त्यामुळे तो केवळ ठणकण्यासाठीच असतो असा ग्रह होतो. प्रत्यक्षात मुळाच्या भिंतींना आतून थरावर थर देऊन जाड करणाऱ्या पेशी पल्पच्या कडेला असतात. मुळाची लांबी व आकार ठरवणारे पेशींचे नाजूक आवरण मुळाच्या टोकाशी असते. जर्मन शास्त्रज्ञ हर्टविग यांच्या नावाने ते ओळखले जाते. मार लागून रक्तपुरवठा तुटला अथवा किडीतून जंतू आत शिरले, की पल्प मरतो आणि बांधकाम आहे तिथेच थांबते. भिंत अर्धी उभी राहिली असताना गवंडी निघून जावा, तशी ही अवस्था होय.

मार लागणे आणि कीड ही आपल्याकडची नेहमीची कारणे. तिसरे एक कारण कमी परिचित आहे. काही मुलांच्या खालच्या उपदाढेच्या मधोमध एक जादा टेकाड असते आणि त्याच्या आत पल्पचा बारीकसा कोंब असतो. चावताना ते टेकाड मोडले, की बाहेरून न किडलेला दात आतून सडतो. पूर्व आशियाई लोकांत हे वैगुण्य अधिक आढळते. या उपचाराचा इतिहास उपदाढेपासून का सुरू होतो, हे त्यावरून कळेल.

साध्या रूट कॅनॉलमध्ये मुळाची नळी बारीक फाइलींनी घासून साफ व रुंद करतात आणि मग गटापर्चा नावाचा रबरासारखा पदार्थ तिच्यात घट्ट दाबून बसवतात. टोकाशी नळी अरुंद असल्याने हा पदार्थ तेथे अडतो. अर्धवट मुळाला असे बूडच नसते. दाबलेला पदार्थ थेट हाडात उतरतो. शिवाय भिंती इतक्या पातळ असतात, की त्या घासणे म्हणजे आधीच अशक्त असलेला दात आणखी अशक्त करणे. दात कसाबसा भरला, तरी वर्षा-दोन वर्षांत चेंडू लागल्याचे किंवा कडक काही चावल्याचे निमित्त होते आणि तो हिरडीच्या पातळीवर मोडतो.

आधी पल्प खरोखर मेला आहे का?

पुनर्जनक उपचाराची चर्चा होण्यापूर्वी या प्रश्नाचे नीट उत्तर मिळणे आवश्यक असते, आणि नेमकी येथेच घाई होते. नव्याने आलेल्या दातातील मज्जातंतूंचे जाळे पुरते तयार झालेले नसते. त्यामुळे थंड स्पर्शाच्या किंवा विजेच्या चाचणीला असा दात जिवंत असूनही प्रतिसाद देत नाही. मार लागल्यानंतर तर कित्येक आठवडे, क्वचित तीन महिनेही, चांगला पल्प गप्प राहू शकतो. केवळ चाचणीला उत्तर आले नाही म्हणून दात उघडणे ही चूक ठरते. पुळी, सूज, न थांबणारी वेदना, क्ष-किरण चित्रात हाडाची झीज किंवा शेजारच्या जोडीदार दाताचे मूळ वाढत असताना याचे थांबलेले असणे, अशा खुणा एकत्र पाहूनच निर्णय घेतला जातो.

पल्प जिवंत असेल तर तो वाचवणे हा सर्वोत्तम उपचार होय. त्याची सर कोणत्याही नव्या तंत्राला नाही. दात तुटून पल्प उघडा पडला असल्यास वरचा दोन मिलिमीटरच्या आसपासचा दूषित भाग काढून उरलेल्यावर औषधी आच्छादन घालतात. स्वीडनमधील मिओमिर स्वेक यांनी १९७८ साली अशा ६० दातांची नोंद प्रसिद्ध केली. त्यांपैकी ९६ टक्के दातांत पल्प बरा झाला होता. आत जिवंत पल्प राहिला, की मूळ आपोआप पुरे होते. म्हणून दात तुटलेल्या मुलाला त्याच दिवशी, निदान दुसऱ्या दिवशी दाखवणे याला फार महत्त्व आहे. ‘दुखत नाही, पुढे बघू’ या सबबीवर गेलेले महिने पुढच्या साऱ्या खटाटोपाला कारण होतात.

चुन्यापासून सिमेंटपर्यंत

पल्प मेलेल्या अर्धवट दातासाठी १९६० च्या दशकात कॅल्शियम हायड्रॉक्साइडचा उपचार रूढ झाला. अमेरिकेतील काइझर यांनी १९६४ मध्ये व फ्रँक यांनी १९६६ मध्ये त्याची मांडणी केली. कॅल्शियम हायड्रॉक्साइड म्हणजे रासायनिकदृष्ट्या विरलेला चुनाच. तो मुळाच्या नळीत भरून ठेवला, की सहा महिने ते दीड वर्ष या काळात टोकाशी कठीण पदार्थाचा पडदा तयार होतो आणि मग गटापर्चा भरता येतो. अनेक वर्षे हाच एक मार्ग होता आणि त्याने असंख्य दात वाचवले, हे मान्य केले पाहिजे. परंतु टोक बंद झाले तरी भिंती पातळच राहत. स्वेक यांनी १९९२ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत असे उपचार झालेल्या दातांपैकी मानेशी मोडलेल्या दातांचे प्रमाण दिले आहे. मूळ बरेच वाढलेले असताना ते २८ टक्के होते, तर मूळ अगदी कोवळे असताना ७७ टक्के. पुढे २००२ मध्ये डेन्मार्कमधील आंद्रेआसन व सहकाऱ्यांनी मेंढीच्या दातांवर प्रयोग केले. कॅल्शियम हायड्रॉक्साइड वर्षभर आत राहिल्यास दाताची ताकद जवळपास निम्मी होते, असे त्यांना दिसले. औषध जितके दिवस ठेवावे तितका दात ठिसूळ, असा हा पेच होता.

कॅलिफोर्नियातील लोमा लिंडा विद्यापीठात महमूद तोराबिनेजाद यांनी १९९३ च्या सुमारास विकसित केलेल्या एमटीए या सिमेंटने तो काहीसा सोडवला. बांधकामातील पोर्टलँड सिमेंटच्या कुळातला हा पदार्थ ओलाव्यातही घट्ट होतो आणि शरीराला मानवतो. टोकाशी त्याचा चार-पाच मिलिमीटरचा बूच बसवला, की वर्षभर थांबण्याऐवजी एक-दोन भेटींत काम होते. आजही हा उपचार सर्वत्र केला जातो आणि त्याचे निकाल चांगले आहेत. उणीव एवढीच, की मुळाची लांबी आणि भिंतींची जाडी आहे तशीच राहते.

रक्ताच्या गुठळीतून आलेली कल्पना

नॉर्वेतील नीगार्ड-ऑस्ट्बी यांनी १९६१ साली एक वेगळाच विचार मांडला होता. जखमेत रक्ताची गुठळी होते आणि तिच्या आधाराने नवी ऊती वाढते. मग रिकाम्या मुळातही रक्त आणले तर काय होईल? त्यांनी मुद्दाम मुळाच्या टोकापलीकडे टोचून रक्त आणले. आत काही अंशी तंतुमय ऊती वाढली. पण जंतुसंसर्ग झालेल्या मुळांत निराशाच पदरी आली. त्याचे कारण १९६५ मधील एका प्रसिद्ध प्रयोगावरून उलगडते. अमेरिकेतील काकेहाशी, स्टॅन्ली व फिट्झजेराल्ड यांनी जंतुविरहित वातावरणात वाढवलेल्या उंदरांच्या दातांतील पल्प उघडा पाडला. अन्न आत कोंबले जात असूनही त्या उंदरांचे पल्प बरे झाले; साध्या उंदरांचे मात्र सडले. जंतू नसतील तर दाताच्या आतली ऊती स्वतःला सावरू शकते, असा त्याचा अर्थ होता.

जंतू घालवण्याचे साधन जपानमधून आले. निइगाता विद्यापीठातील होशिनो व सहकाऱ्यांनी १९९६ च्या सुमारास मेट्रोनिडाझोल, सिप्रोफ्लॉक्सासिन आणि मिनोसायक्लिन या तीन प्रतिजैविकांचे मिश्रण दातातील जंतूंविरुद्ध प्रभावी असल्याचे दाखवले. त्यानंतर २००१ मध्ये जपानच्याच इवाया, इकावा व कुबोता यांनी तेरा वर्षांच्या मुलीच्या एका खालच्या दुसऱ्या उपदाढेची हकिगत प्रसिद्ध केली. पल्प सडलेला, हिरडीवर पुळी आणि मूळ अपुरे, अशी तिची स्थिती होती. नळी न घासता तिच्यात यांपैकी दोन प्रतिजैविके ठेवण्यात आली. अडीच वर्षांनंतरच्या क्ष-किरण चित्रात मूळ मिटलेले आणि भिंती जाड झालेल्या दिसल्या. तोपर्यंतच्या पाठ्यपुस्तकांप्रमाणे मेलेल्या दातात असे घडायला नको होते.

२००४ साली अमेरिकेत बॅंक्स व ट्रोप यांनी अकरा वर्षांच्या मुलाच्या उपदाढेवर या तीनही गोष्टी एकत्र केल्या: जंतुनाशक द्रावाने धुणे, तीन प्रतिजैविकांचा लेप आणि नंतर मुद्दाम आणलेल्या रक्ताची गुठळी. दोन वर्षांनी मूळ वाढलेले होते आणि दाताने थंडीलाही प्रतिसाद दिला. आज जगभर जी पद्धत वापरली जाते तिचा साचा हाच आहे.

रक्त आत येते म्हणजे नेमके काय येते, याचा उलगडा नंतर झाला. वाढत्या मुळाच्या टोकाशी मऊ ऊतीची एक छोटी गादी असते आणि तिच्यात मूलपेशी, म्हणजेच स्टेम सेल, असल्याचे २००६ मध्ये दाखवण्यात आले. आजूबाजूला गळू झाले असतानाही त्या पुष्कळदा तग धरून राहतात. टेक्सासमधील संशोधकांनी २०११ साली अशा दातांत आणलेले रक्त तपासले. नेहमीच्या रक्ताच्या तुलनेत त्यात मूलपेशींच्या खुणा काही बाबतींत सहाशे पटींपर्यंत अधिक होत्या. मुळाचे तोंड उघडे असणे हा साध्या रूट कॅनॉलमधील सर्वांत मोठा अडथळा, तोच येथे नव्या पेशींना आत येण्याचा रस्ता ठरतो.

उपचार कसा केला जातो

उपचाराला सहसा दोन भेटी लागतात. पहिल्या भेटीत दात बधिर करून रबर डॅम, म्हणजे रबराचा पातळ पडदा, लावला जातो, जेणेकरून लाळ आत जाणार नाही. दाताला वरून छिद्र पाडून सडलेला पल्प काढतात. यापुढे फाइलीने भिंती खरवडणे जवळपास पूर्णपणे टाळले जाते. सगळी मदार धुण्यावर असते. सोडियम हायपोक्लोराइटचे दीड टक्क्याचे सौम्य द्रावण, सुमारे २० मिलिलिटर, पाच मिनिटे सावकाश सोडतात. याच द्रावाचे पाच-सहा टक्क्यांचे तीव्र रूप प्रौढांच्या दातात सर्रास वापरले जाते, पण येथे ते टोकाशी असलेल्या मूलपेशींनाच मारते. सुईचे छिद्र बाजूला असावे लागते आणि तिचे टोक मुळाच्या टोकाच्या अलीकडे ठेवावे लागते. उघड्या टोकातून हा द्राव हाडात गेला तर तीव्र वेदना व सूज येते. नंतर नळी कोरडी करून औषध भरतात आणि दात तात्पुरता बंद करतात.

हे औषध कोणते असावे, याबद्दल मतभेद आहेत. तीन प्रतिजैविकांचा मूळचा दाट लेप मूलपेशींना घातक असल्याचे पुढे दिसून आले. शिवाय त्यातील मिनोसायक्लिनमुळे दात कायमचा करडा पडतो. पुढच्या दाताच्या बाबतीत ही तक्रार मुलाला शाळेत रोज ऐकावी लागते. म्हणून लेप अगदी विरळ करून वापरावा किंवा मिनोसायक्लिन वगळावे, असे सुचवले गेले. युरोपीय एंडोडॉन्टिक संघटनेने २०१६ च्या निवेदनात प्रतिजैविकांऐवजी कॅल्शियम हायड्रॉक्साइडचीच शिफारस केली. अमेरिकी संघटनेने दोन्ही पर्याय मोकळे ठेवले. ज्या चुन्याला निरोप द्यायचा होता तोच असा नव्या उपचारात परतला. फरक इतकाच, की आता त्याचा मुक्काम काही आठवड्यांचा असतो.

एक ते चार आठवड्यांनी दुसरी भेट. सूज, पुळी किंवा दुखणे शिल्लक असेल तर पुढे न जाता धुणे व औषध यांची पुनरावृत्ती करतात. सारे शांत असेल तर दात पुन्हा बधिर करतात, पण या वेळी ॲड्रिनलिन नसलेल्या औषधाने. ॲड्रिनलिनने रक्तवाहिन्या आकसतात आणि येथे तर रक्त हवे असते. औषध धुऊन काढल्यावर ईडीटीए नावाचे द्रावण वापरले जाते. दाताच्या भिंतीत, तिची घडण होत असताना, काही वाढकारक प्रथिने कोंडली गेलेली असतात. ईडीटीए भिंतीचा वरचा थर विरघळवून ती मोकळी करते आणि मूलपेशींना त्यांचा इशारा मिळतो. त्यानंतर बारीक फाइल मुळाच्या टोकापलीकडे दोनेक मिलिमीटर नेऊन हलके टोचतात. रक्त नळीत वर चढते. ते हिरडीच्या पातळीच्या जरा खाली थांबवून गुठळी होऊ देतात, तिच्यावर एमटीए किंवा बायोडेंटिनसारख्या सिमेंटचा तीन-चार मिलिमीटरचा थर देतात आणि वर पक्के फिलिंग करतात. काही ठिकाणी रक्ताऐवजी मुलाच्याच रक्तापासून बनवलेले प्लेटलेटयुक्त फायब्रिन भरतात. त्यासाठी दंडातून रक्त काढावे लागते, आणि साध्या गुठळीपेक्षा ते निर्विवाद सरस ठरलेले नाही.

या कृतीत महागडे यंत्र कोठेही नाही. कस लागतो तो संयमाचा, स्वच्छतेचा आणि मुलाला शांत बसवण्याच्या हातोटीचा.

आत जे वाढते ते काय असते?

पुनर्जनन या शब्दाने जे चित्र उभे राहते, ते वस्तुस्थितीहून मोठे आहे. क्ष-किरण चित्रात भिंत जाड झालेली दिसते, तेव्हा ती दाताच्याच पदार्थाने जाड झाली असे पाहणाऱ्याला वाटते. उपचारानंतर काही कारणाने काढाव्या लागलेल्या थोड्या मानवी दातांची आणि कुत्र्यांवरील प्रयोगांतील दातांची सूक्ष्मदर्शकाखाली तपासणी झाली, तेव्हा निराळेच दिसले. भिंतींवर चढलेला थर बहुतांशी मुळाच्या बाहेरील आवरणासारखा, म्हणजे सिमेंटमसारखा, किंवा हाडासारखा होता. मधल्या जागेत तंतुमय ऊती होती. काही थोड्या दातांत पल्पसदृश ऊती आढळली. पण भिंतीला लागून शिस्तीत उभ्या असलेल्या, खरा दंतपदार्थ बनवणाऱ्या पेशी मात्र सहसा दिसल्या नाहीत. शास्त्रीय भाषेत ही मुख्यतः दुरुस्ती आहे, पुनर्निर्मिती नव्हे. त्यामुळेच या उपचाराला ‘रिव्हॅस्क्युलरायझेशन’ म्हणावे, ‘रिव्हायटलायझेशन’ म्हणावे की ‘रिजनरेशन’, हा वाद मिटलेला नाही. युरोपीय संघटनेने ‘रिव्हायटलायझेशन’ म्हणजे पुन्हा सजीव करणे, हा त्यातल्या त्यात नेमस्त शब्द निवडला.

हा केवळ शब्दांचा कीस नाही. ‘दाताची नस पुन्हा तयार होईल’ असे आश्वासन मिळालेल्या पालकांची अपेक्षा आणि ‘संसर्ग जाईल, आत जिवंत ऊती येईल, मूळ वाढले तर उत्तम’ असे ऐकलेल्या पालकांची अपेक्षा यांत मोठे अंतर असते. संसर्ग जाऊन हाड भरून येणे हे पहिले उद्दिष्ट. भिंत जाड होणे व मूळ लांबणे हे दुसरे, इष्ट परंतु बेभरवशाचे. थंड-गरम पुन्हा जाणवणे हे तिसरे, झाले तर झाले. या क्रमाने पाहिले तर हा उपचार पुष्कळ देतो, कारण हाडासारखा का होईना, जिवंत थर असलेली मुळी सिमेंट भरलेल्या पोकळ मुळीपेक्षा काळाच्या ओघात जुळवून घेण्याची शक्यता अधिक. ही आशा किती खरी, हे दशकानुदशकांच्या नोंदींनीच ठरेल.

उपलब्ध आकडे उत्साहवर्धक आहेत, पण एकसारखे नाहीत. थायलंडमधील महिडॉल विद्यापीठाच्या २०१२ च्या पाहणीत ६१ दातांच्या जुन्या नोंदी तपासल्या गेल्या. पुनर्जनक उपचार झालेले सर्वच दात टिकले होते. एमटीए बूच बसवलेले ९५ टक्के, तर कॅल्शियम हायड्रॉक्साइडचे सुमारे ७७ टक्के. मुळाची जाडी पहिल्या गटात सरासरी २८ टक्क्यांनी वाढली होती, एमटीए गटात मुळीच नाही. पुढील काही तुलनांत मात्र एवढा ठळक फरक आढळला नाही. चीनमधील ग्वांगझू येथे २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ११८ मुलांची चिठ्ठ्या टाकून विभागणी केल्यासारखी दोन गटांत वाटणी केली होती. लक्षणे दोन्ही उपचारांनी गेली, मूळ मात्र पुनर्जनक गटातच वाढले. आणि त्यातही टेकाड मोडलेल्या उपदाढांचे निकाल मार लागलेल्या पुढच्या दातांपेक्षा सरस होते. मारामुळे टोकाशी असलेली पेशींची गादी आणि हर्टविगचे आवरणच चिरडले जात असावे, असे त्याचे स्पष्टीकरण दिले जाते. आपल्याकडे धावताना, सायकलवरून वा क्रिकेटमध्ये दुखावलेले पुढचे दात अधिक येत असल्याने ही बाब लक्षात ठेवणे श्रेयस्कर.

भारतात दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील दंतविभागाने २००८ मध्येच १४ दातांवरील अनुभव आणि २०१२ मध्ये प्लेटलेटयुक्त प्लाझ्मासह व त्याविना केलेल्या उपचाराची तुलना आंतरराष्ट्रीय नियतकालिकात मांडली होती. त्यानंतर देशातील अनेक दंत महाविद्यालयांतून हा उपचार होऊ लागला. मुंबईतील शासकीय दंत महाविद्यालय, महापालिकेचे नायर दंत महाविद्यालय, नागपूरचे शासकीय दंत महाविद्यालय, गोव्यात बांबोळीचे दंत महाविद्यालय अशा संस्थांत मुलांच्या दातांचा आणि रूट कॅनॉलचा असे स्वतंत्र विभाग आहेत. अशा दातासाठी निदान तेथील मत घेता येते.

याच संदर्भात दुधाच्या दातांतील मूलपेशी साठवणाऱ्या बँकांचा उल्लेख करावा लागेल, कारण शहरी पालकांपुढे त्यांच्या जाहिराती सतत येतात. वर वर्णन केलेल्या उपचाराला साठवलेल्या दाताची गरज नसते. लागणाऱ्या पेशी त्याच दाताच्या टोकाशी असतात. साठवलेल्या नव्हे, तरी दुधाच्या दातातील पेशी वापरण्याचा प्रयोग चीनमध्ये झाला आहे. शीआन येथील संशोधकांनी २०१८ साली त्याचे निकाल प्रसिद्ध केले. मार लागून पल्प मेलेल्या मुलांच्याच दुधाच्या दातातून पेशी काढून, प्रयोगशाळेत वाढवून त्या जखमी दातात सोडण्यात आल्या आणि वर्षभराने रक्तपुरवठा व संवेदना असलेली ऊती तयार झाल्याचे आढळले. जपानमध्येही नाकाशिमा व सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये पाच प्रौढ रुग्णांवर पल्पमधील मूलपेशी वापरल्या. खऱ्या अर्थाने पुनर्जनन म्हणावे असे प्रयत्न हे होत. परंतु त्यासाठी लागणारी प्रयोगशाळा, खर्च व नियमावली पाहता ते नेहमीच्या दवाखान्यात पोहोचलेले नाहीत.

अपयश कसे ओळखावे

या उपचारातील अपयश बहुधा एकाच दाराने येते, ते म्हणजे पुन्हा झालेला जंतुसंसर्ग. कधी पहिले धुणे अपुरे पडते, कधी वरचे फिलिंग गळते किंवा तुटते. पुळी परत आली, दात हलू लागला किंवा चावताना दुखू लागला, तर थांबू नये. अपयश आले तरी वाट बंद होत नाही. एमटीएचा बूच बसवण्याचा पर्याय त्यानंतरही शिल्लक असतो. काही दातांत आतली नळी कठीण पदार्थाने पूर्ण भरून जाते आणि पुढे कधी रूट कॅनॉलची वेळ आली तर तो अवघड होतो. एमटीएमुळे दाताची मान करडी दिसू शकते. म्हणून पुढच्या दातात रंग न बदलणारे सिमेंट वापरण्याकडे आता कल आहे. मुळाची वाढ पुरी होत आलेली असेल आणि भिंती जाड असतील, तर या उपचाराचा हट्ट न धरता एमटीएचा सरळ मार्ग घेणेच शहाणपणाचे ठरते. दाताचा वरचा भाग इतका तुटला असेल, की पुढे मुळात खुंटी रोवून त्यावर कॅप बसवावी लागणार आहे, तर नळीची जागा मोकळी ठेवणे भाग असते आणि पुनर्जनक उपचार बाद होतो.

खरी कसोटी दुसऱ्या भेटीनंतर सुरू होते. हाडावरील काळी छाया सहा ते बारा महिन्यांत नाहीशी होणे अपेक्षित असते. भिंती जाड झालेल्या दिसायला एक ते दोन वर्षे लागतात. त्यासाठी सहा महिने, एक वर्ष, दोन वर्षे आणि पुढे दरवर्षी अशी तपासणी ठरवली जाते. मुलाला काहीच दुखत नसते, परीक्षा असते, घर बदलते, आणि तपासणी राहून जाते. क्ष-किरण चित्र दर वेळी त्याच कोनातून काढले नाही, तर मूळ लांबल्याचा आभास निर्माण होऊ शकतो. म्हणून शक्यतो एकाच ठिकाणी, आधीची चित्रे समोर ठेवून तुलना केली जाते. उपचारापूर्वीचे पहिले चित्र, वापरलेल्या औषधांची व सिमेंटची नावे आणि तारखा एका पाकिटात घालून लसीकरणाच्या कार्डासोबत ठेवल्यास, गाव किंवा दंतवैद्य बदलला तरी पुढच्या डॉक्टरला या दाताची हकिगत पहिल्यापासून वाचता येते.